चारशेचे पेढे

"चारशे," असं म्हणून हळबे सरांनी पेढ्यांचा खोका माझ्या टेबलावर ठेवला.

आमच्या प्रयोगशाळेत कुणाला मुलगा झाला म्हणून पेढे आल्याचं मला आठवत नाही. लग्न ठरलं, घर झालं, यासाठी फार तर समोसे यायचे. पेढे यायचे ते फक्त शंभराच्या पटीत. सरांच्या त्या एका पेपराचा जगात कुणीतरी शंभराव्यांदा उल्लेख केला तेव्हा अर्धा किलो आले. दोनशेला अर्धा, तीनशेला पाऊण, आणि त्या दिवशी चारशेला पुरता एक किलो. कुणी आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचं नाव घेतलं की त्या दुसऱ्याला एक सायटेशन मिळतं. आमच्या संस्थेत माणसाची उंची तेवढ्यावर मोजत.

"कुणाचा आहे सर, चारशेवा?" मी विचारलं.

"स्वीडनचा."

स्वीडन म्हणताना त्यांचा आवाज देवघरात शिरल्यासारखा हळू झाला. तिकडे मोठी बक्षिसं देतात ना.

ते खोका घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले आणि मी तो स्वीडनचा पेपर काढून वाचला. वाचून झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले.

"सर, त्या पेपरात त्यांनी आपल्याला चूक म्हटलंय."

"म्हणजे?"

"आपल्या प्रथिनात औषध बसलेलं त्यांना दिसलं नाही. बावीस वेळा करून पाहिलं म्हणतात. आपण दाखवलेलं औषध मुळात तिथे नसावं, असं शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत.

"वाचलंस कशाला?" ते म्हणाले. "मोजायला सांगितलं होतं मी."

मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, शिवी द्यायची झाली तरी नाव घ्यावं लागतं. नाव घेतलं, झालं. घे, अजून एक पेढा घे."

मी घेतला. पेढे चांगले होते.

एखादा माणूस गेला की 'तसे ते मनाने वाईट नव्हते' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. डॉ. पद्माकर हळब्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती पद्धत मी पाळणार नाही. मनाने वाईट की चांगले हे ठरवायला आधी मन सापडावं लागतं. त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काढून मला एक आकडा सापडला. एकतीस. हा त्यांचा एच-इंडेक्स. ज्या माणसाचे एकतीस पेपर असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाचा निदान एकतीस वेळा उल्लेख झाला, त्याचा एच-इंडेक्स एकतीस. सर हे कुणालाही समजावून सांगत. पुतण्याच्या मुंजीत त्यांनी ते आचाऱ्याला समजावून सांगितलं, आणि आचाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून "मग साहेब, बत्तीस पानं मांडू का?" असं विचारलं. ही गोष्ट त्यांच्या बायकोनेच मला सांगितली. सांगताना त्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

त्या आकड्यामागचा हुकमाचा एक्का म्हणजे तेव्हा आठ वर्षं जुना झालेला तो पेपर. क्षयाच्या जंतूत एक प्रथिन असतं, त्याला एक खाच असते, आणि त्या खाचेत एक जुनं, स्वस्त औषध नेमकं जाऊन बसतं, असं त्या पेपरात दाखवलं होतं. चित्र देखणं होतं. एका मोठ्या नियतकालिकाने ते मुखपृष्ठावर छापलं, आणि सरांनी ते फ्रेम करून आपल्या खुर्चीच्या मागे लावलं, म्हणजे समोर बसणाऱ्याला सर आणि चित्र एकाच वेळी दिसावेत. "कुलपात किल्ली," असं ते प्रत्येक भाषणात म्हणत. लेखकांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. हळबे, शिराळकर आणि इतर.

चारशे सायटेशन्स आपसूक जमली असंही नाही. आमच्या प्रयोगशाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लेखात, मग तो कशावरही असो, हा पेपर घुसडायचाच असा दंडक होता. दुसऱ्यांचे लेख तपासायला सरांकडे आले की ते शेवटी एक ओळ लिहीत, 'लेखकांनी हळबे व इतर यांचं मूलभूत काम विचारात घेतलेलं दिसत नाही.' तपासनीसाचं नाव गुप्त असतं म्हणतात. सरांचं गुप्त नाव साऱ्या देशाला पाठ होतं. लेखक बिचारे मुकाट्याने ती ओळ भरायचे आणि आपली सुटका करून घ्यायचे.

माझी सुटका व्हायची होती. मी तेव्हा छत्तीस वर्षांची, आणि दरवर्षी एकतीस मार्चला माझं कंत्राट संपायचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी नवं पत्र यायचं. मधले दहा दिवस मी विनापत्राची, विनापगाराची काम करायची. सासूबाई दर पाडव्याला विचारायच्या, "यंदा तरी पक्कं होणार का गं?" त्या वर्षी सरांनी तोंडाने शब्द दिला होता. दिल्लीचा एक मोठा पुरस्कार मिळायच्या बेतात होता, तो मिळाला की संचालकपद, आणि ते मिळालं की पहिली सही माझ्या कायम जागेवर.

त्या पुरस्काराचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. अर्जात एक रकाना होता, 'या संशोधनाचा जगावर झालेला परिणाम, दहा अवतरणांसह.' म्हणजे आता वाचणं आलंच. तोवर चारशेचे चारशे सहा झाले होते. मी सगळे छापून घेतले आणि तीन गठ्ठे केले. ज्यांनी स्तुती केली ते तेवीस. त्यातले चौदा आमचेच. ज्यांनी वाटेत देऊळ लागलं म्हणून हात जोडावेत तसं नुसतं नाव घेतलं, ते दोनशे नव्वद. उरलेले त्र्याण्णव म्हणत होते की आम्हाला हे औषध काही दिसलं नाही.

सरांनी गठ्ठे पाहिले आणि तिसऱ्यावर हात ठेवला.

"यातूनच काढ," ते म्हणाले. "बडी नावं यातच आहेत."

"पण सर, हे विरोधात आहेत."

"पूर्ण वाक्य कुणी मागितलंय?"

'हळबे यांचा लक्षणीय दावा आम्हाला सिद्ध करता आला नाही' यातून आम्ही 'हळबे यांचा लक्षणीय दावा' एवढंच घेतलं. 'या बहुचर्चित रचनेविषयी गंभीर शंका आहेत' यातून 'ही बहुचर्चित रचना' निघाली. दहा अवतरणं दुपारपर्यंत तयार झाली. आम्ही म्हणते, पण कातरकाम सगळं माझं होतं, आणि ते मी नीटनेटकं केलं. पुरस्कार समितीत सात थोर माणसं होती. त्यांच्यातल्या एकाने जरी मूळ वाक्य उघडून पाहिलं असतं तरी सगळं बिंग फुटलं असतं. मला त्यांची भीती वाटली नाही. त्यांना मी चांगली ओळखून होते. तेही मोजणारेच.

अर्ज रवाना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती मेश्राम आली. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, खांद्याला प्रवासाची बॅग, छातीशी धरलेली जाड फाईल. रात्रभराच्या गाडीने आलेली दिसत होती. मी चहा मागवला.

"मी भंडाऱ्याची, मॅडम. नागपूरला पीएचडी करते. तुमच्या त्या रचनेवरच करून राहिली आहे चार वर्षांपासून."

तिने फाईल उघडली. आमच्या चित्रातली खाच मोजून त्यात बसतील असे रेणू तिने तयार केले होते. एक झाला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा, असे एकसष्ट. प्रत्येकाला एक पान, प्रत्येक पानाखाली तारीख आणि सही. इतकी स्वच्छ वही मी आमच्याकडे कधी पाहिली नव्हती.

"एकही नाही चिपकला," ती म्हणाली. "तुमचं मूळ औषधही घालून पाहिलं. तेही नाही."

"तुमचे गाईड काय म्हणतात?"

"म्हणतात, चारशे लोकांनी मानलेली रचना आहे. चारशे चूक आणि तू एकटी बरोबर? म्हणतात, तुझ्या हाताला गुण नाही." ती चहाच्या कपाकडे बघत होती. "जूनमध्ये फेलोशिप संपते. सर सही नाही करून राहिले. पण मॅडम, ती रचनाच चूक असेल तर माझं काम फेल नाही ना. मग ते उत्तर आहे. एकसष्ट वेळा मिळालेलं."

मी काही बोलणार तेवढ्यात हळबे सर आत आले. पाहुणी नागपूरहून आली म्हटल्यावर त्यांनी "वा, संत्री आणलीत की नाही?" असं विचारलं. तिने नाही म्हटलं आणि उभी राहिली. उभ्या उभ्याच तिने आपली अडचण सांगितली आणि त्या वेळची मूळ चित्रं पाहायला मिळतील का असं विचारलं. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की यंत्रावर ठिपक्यांची चित्रं उमटतात, सगळी रचना त्यावरून काढतात. त्या काळी ती चित्रं कुठे जमा करायची सक्ती नव्हती.

"टेपा होत्या. बुरशी लागून गेल्या," सर म्हणाले. हे खरं होतं. "आणि चित्रं बघून काय करणार? प्रथिनाला हात कळतो, बाई. ही आमची हेमलता. हिने स्वतः बसवला होता तो स्फटिक. एकदा बसवला, काम फत्ते. याला म्हणतात हात." मग त्यांना महत्त्वाचं आठवलं. "तुमच्या लेखात आम्हाला साइट केलंय ना?"

"हो सर. तीनदा."

"एकाच लेखात तीनदा केलं तरी एकच धरतात," सर म्हणाले. "तीन लेख लिहा."

एवढं मार्गदर्शन करून ते मीटिंगला गेले. माणूस दारात आला, त्याच्या समोर एका मुलीची चार वर्षं उघडी पडली होती, आणि त्याने त्यातून आपल्यासाठी दोन सायटेशन्स कमी पडल्याचं पाहिलं. त्या क्षणी मला त्याची जी किळस आली ती आजही ताजी आहे.

"यंत्र बघता येईल, मॅडम?" रेवतीने विचारलं. मी तिला खाली घेऊन गेले.

क्ष-किरणांचं यंत्र तळघरात होतं आणि ते सोनटक्के मामांचं राज्य होतं. मामा कोरेगावकडचे, दहावी नापास, पण यंत्राची नाडी त्यांच्याइतकी कुणाला कळत नसे. स्फटिक वाढवताना थेंबात बारीकसं बीज ओढावं लागतं, त्याला मांजराची मिशी लागते, हे परदेशातही तसंच करतात. आमच्याकडे त्या मिश्या मामांच्या घरच्या बोक्याच्या होत्या, गळून पडलेल्या, मामांनी काडेपेटीत जपून आणलेल्या. सर आपल्या भाषणात जगभरच्या सहकाऱ्यांचे आभार मानत, बोक्याचे कधी मानले नाहीत, मामांचेही नाहीत.

मामांचा एक नियम होता. यंत्रावर स्फटिक बसवला की बसवणाऱ्याने त्यांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं, स्फटिक वाढवायच्या कुठल्या ताटातला, कुठल्या खळग्यातला, कशात बुडवला. मग सही. सही केल्याशिवाय मामा दार उघडून देत नसत. सर एकदा न लिहिता निघाले तर मामांनी त्यांना परत बोलावलं होतं.

रेवती यंत्राभोवती हळूहळू फिरली. मग तिची नजर भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाकडे गेली. काचेतून वह्यांचे कणे दिसत होते आणि त्यावर वर्षं घातलेली होती.

"ही लॉगबुकं आहेत ना?" तिने विचारलं.

"व्हय की," मामा म्हणाले. "बावीस वरसांच्या. येक पान हाललं नाही अजून."

"मग त्या वर्षाचीही असेल?"

"आसनार की. थांबा, दावतो तुमास्नी." मामांनी खिशातून किल्ली काढली.

"मामा," मी म्हणाले, "ती वही नाहीये. त्या वर्षीच्या वहीला वाळवी लागली होती. आपण जाळून टाकली."

मामांची किल्ली कुलपात अर्धी शिरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाटात वह्या ओळीने लावलेल्या होत्या आणि त्या ओळीत कुठेही फट नव्हती. रेवती यंत्राच्या पलीकडे उभी होती, तिला तिथून वर्षं वाचता येत नव्हती. बावीस वर्षांत ज्या माणसाचं एक पान हललं नव्हतं त्याला परक्या मुलीसमोर मी सांगत होते की तुझ्या कपाटाला वाळवी लागली.

"मॅडम म्हनतात तर लागली आसंल," मामा म्हणाले. किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली आणि ते यंत्राच्या मागच्या बाजूला निघून गेले. पाण्याचा नळ उगाच सोडल्याचा आवाज आला.

रेवती माझ्याजवळ आली.

"मग तुम्हीच सांगा ना, मॅडम," ती म्हणाली. "कागद नाही मागत मी. तुम्ही स्वतः बसवला होता. ते औषध आत आहे ना?"

मला माझं कंत्राट आठवलं. सासूबाईंचा पाडवा आठवला. पेपरावरचं दुसरं नाव आठवलं. हे सगळं एका श्वासात आठवलं आणि दुसऱ्या श्वासात मी बोलले.

"आहे."

"नक्की?"

"मी स्वतः बसवला होता."

तिने मान हलवली. मग दोन्ही हात पुढे धरून तळव्यांकडे पाहिलं, उलटे करून पाहिले, आणि ओढणीला पुसले.

"म्हणजे माझेच हात," ती म्हणाली. "बरं झालं मॅडम, निदान कळलं. चार वर्षांपासून सरळ उत्तर कुणीच नाही देऊन राहिलं होतं."

तिला दुपारच्या गाडीने परत जायचं होतं. मी फाटकापर्यंत सोडायला गेले. जेवून जा म्हटलं तर तिने डबा आणलाय म्हणून सांगितलं.

पुरस्कार सरांना मिळाला. सातही थोर माणसांनी एकमताने दिला. सर संचालक झाले आणि शब्दाला जागले, पहिली सही माझ्या कागदावर केली. सासूबाईंनी गणपतीला एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवला. मी तेव्हा ऑफिसात नव्या खोलीसाठी पडदे निवडत होते.

पुढच्या वर्षी मे अखेरीला सोनटक्के मामा निवृत्त झाले. सगळ्यांनी शाल, नारळ दिला. संचालकांना यायला जमलं नाही. समारंभ आटोपल्यावर मामा माझ्या खोलीत आले आणि टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेली एक वही ठेवली.

"हिला वाळवी लागली नव्हती, मॅडम," ते म्हणाले. "नव्या मानसाच्या ताब्यात ही दिली तर त्यो इचारंल, ह्या सालाची कशी काय राह्यली. म्हून काढली. आता वाळवी लागायची ती तुमच्याकडं लागू द्या."

"मामा, बसा ना."

"नगं. यष्टी हाय."

ते गेल्यावर मी दार लावलं आणि वही सोडली. पान शोधावं लागलं नाही. नऊ-दहा वर्षांत मी ते मनात इतक्यांदा उघडलं होतं की बोटाला जागा ठाऊक होती. माझं अक्षर, माझी सही. 'ताट अकरा. बी-चार. ग्लिसरीन वीस टक्के.'

त्या ताटात औषध फक्त सी ओळीत घातलेलं होतं. बी ओळ कोरी होती, तुलनेसाठी ठेवलेली. मी चुकीच्या ओळीतला स्फटिक उचलला, तो गोठताना तडकू नये म्हणून ग्लिसरीनमध्ये बुडवला, यंत्रावर बसवला, आणि खळग्याचा नंबर मात्र वहीत खरा लिहिला. चूक म्हणावी तर एवढीच. अशी चूक दिवसाला चोवीस खळगे बघणाऱ्या कुणाहीकडून होते.

दोन दिवसांनी सरांनी मला संगणकावर निळी जाळी दाखवली. अणू कुठे आहेत हे त्या जाळीवरून ओळखायचं असतं. खाचेत एक लहानसा फुगवटा होता. सरांनी जाळीची पातळी खाली आणली, अजून खाली आणली. खूप खाली आणली की जाळीत ढगात दिसतो तसा हत्तीसुद्धा दिसतो. फुगवटा लांबला, आणि सर लहान मुलासारखे ओरडले, "किल्ली! हेमलता, कुलपात किल्ली!" त्यांना ती खरोखर दिसली. मरेपर्यंत दिसत राहिली. त्या बाबतीत ते खोटं एक अक्षर बोलले नाहीत.

पेपरात कृती लिहायला म्हणून मी तिसऱ्या दिवशी मामांची वही उघडली आणि बी-चार वाचलं. पेपरात सी-चार लिहिलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि तो माझा पहिला पेपर होता. पुढच्या दीड वर्षात मी सी ओळीतले पंधरा स्फटिक गुपचूप बसवून पाहिले. एकातही औषध नव्हतं. ओठ फुटले की आपण लावतो ते ग्लिसरीन त्या खाचेत बसलं होतं, आणि चारशे लोकांनी त्याचं नाव घेतलं होतं.

हळबे सर मूर्ख होते. मी मूर्ख नव्हते.

वही माझ्याकडेच आहे, कपाटात, कुलपात. पेपर अजून उभा आहे. सायटेशन्स आता हजाराच्या घरात गेलीत. माझा स्वतःचा एच-इंडेक्स एकोणीस आहे, आणि त्याच्या तळाशी तोच पेपर आहे. रेवती मेश्रामचं नाव मी पुढे पुष्कळ शोधलं. एका लेखावर सापडलं, नंतर कुठेच नाही.

तो लेख मामा निवृत्त झाले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आला. सर सकाळीच दीड किलोचा खोका घेऊन माझ्या खोलीत आले. संचालक झाल्यावरही पेढे ते स्वतःच वाटत.

"पाचशे," ते म्हणाले. "कुणाचा आहे गं पाचशेवा?"

तो माझ्यासमोर उघडाच होता. विदर्भातलं एक लहानसं नियतकालिक, पाच पानं, एकच लेखिका. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'हळबे, शिराळकर आणि इतर यांनी दाखवलेल्या रचनेविषयी शंका घेण्याचं कारण नाही. आमच्या एकसष्ट रेणूंचं अपयश प्रयोग करणाऱ्या व्यक्तीच्या हातातल्या दोषामुळे असावं.' खाली आभाराची एक ओळ होती. आभार डॉ. हेमलता शिराळकरांचे, ज्यांनी शंकेचं सरळ उत्तर दिलं.

"नागपूरकडचा आहे," मी म्हणाले.

"वाचलास?"

"नाही सर," मी म्हणाले. "मोजला."

"शाबास," सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातावर दोन पेढे ठेवले.